काकूंच्याच हातात बंद पडणारी गाडी

आठच्या आकड्याच्या ऐन कमरेत गाडी विझली.

विझली हाच शब्द बरोबर. आचका नाही, धक्का नाही. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि गाडी दोन-चार हात घरंगळून उभी राहिली. आरटीओच्या मैदानात चुन्यानं आखलेला भलामोठा आठ, त्याच्या मधोमध माझी पांढरी, म्हातारी गाडी, टपावर 'काळमेघ मोटर ड्रायव्हिंग स्कूल, महिलांसाठी खास सोय' असा फलक, स्टिअरिंगवर ढोमणे काकू आणि त्यांच्या डाव्या हाताला मी.

"क्लच!" दोरीपलीकडून वामनकाका ओरडले. काका म्हणजे काकूंचे यजमान.

"क्लच, काकू," मीही म्हणालो.

"दाबलेलाच होता, सर."

"मग सुटला असेल."

"असेल," काकू म्हणाल्या. कपाळावरचा घाम त्यांनी पदरानं टिपला, किल्ली फिरवली, आणि गाडी एका झटक्यात चालू झाली. जणू काही झालंच नव्हतं. पण निंबाखाली खुर्ची टाकून बसलेल्या इन्स्पेक्टर साहेबांनी तोवर पेनाचं टोपण लावलं होतं. "पुढच्या वेळी या, ताई," ते म्हणाले. बोलण्यात खोच नव्हती. मागच्या वेळीही ते इतकंच चांगलं बोलले होते.

आता इतक्या वर्षांनी हे सांगताना मला सगळ्यात आधी हसू येतं ते त्या 'सुटला असेल' या वाक्याचं. क्लच सुटला की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडते. ही दिव्यासारखी विझत होती. हा फरक शाळेतल्या पोरालाही कळला असता. मी तर तेव्हा निम्म्या गावाला गाडी शिकवून बसलो होतो, आणि गाडीचं दुखणं मला नुसत्या कानानं कळतं असं उरलेल्या निम्म्या गावाला सांगत होतो.

काकूंचं वय तेव्हा पंचावन्नच्या आसपास. सुती पातळ, पायात पट्ट्याच्या चपला, आणि मी सांगितलेलं एकदा ऐकलं की परत न विचारण्याची सवय. या वयात गाडी शिकायची हौस कुठून आली, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, "हौस नाही हो, सर."

कारण हळूहळू कळलं. वामनकाका पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. त्यांना काचबिंदू झाला होता. समोरचं थोडंफार दिसे, पण कडेचं जग पुसत चाललं होतं. दर महिन्याला नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं लागे. घरी त्यांची निळी गाडी होती, ओसरीत झाकून ठेवलेली. मुलगी बंगळुरूला. ड्रायव्हर ठेवावा तर काका पहिल्या दहा किलोमीटरात त्याच्याशी भांडत. गिअर आत्ता काहून टाकला, ब्रेक आधी काहून नाही मारला. वाटेतलं कळंब येईपर्यंत ड्रायव्हर घुश्शात, आणि पुढच्या महिन्याला त्याला दुसरीकडची वर्दी असे.

काकू शिकायला येत तेव्हा काकाही मागच्या सीटवर बसायला येत. लक्ष ठेवायला. दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवून ते माझ्या मानेजवळ तोंड आणत आणि अख्खा तास बोलत.

"मंदा, डावीकडे दाब. अगं, जास्त नको. मंदा, गतिरोधक आहे की नाही पुढं? काय करून राहिली तू?"

आणि गाडी नेमकी काकूंच्याच हातात विझायची. सकाळी कॉलेजच्या मुली येत, त्यांच्या हातात गाडी कधी बंद पडली तर त्या "अय्या" म्हणत, मी "क्लच" म्हणे, विषय संपे. पण काकूंच्या तासाला ती दोनदा, तीनदा, कधी भर चौकात विझून जाई. मागून रिक्षावाले भोंगे वाजवत. काका म्हणत, "सर, तुम्हीच सांगा हिला. माझं ऐकत नाही." मग मी तोंडभरून सांगत असे.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर त्या दिवशी काका रसवंतीवर पाणी प्यायला गेले तेव्हा काकू माझ्याजवळ आल्या.

"सर, पुढच्या तारखेला हे स्वतः गाडी घेऊन निघतो म्हणतात नागपूरला."

"कोण, काका? दिसत नाही तर कसे निघतील?"

"रस्ता पाठ आहे म्हणतात. काल ओसरीतून गाडी बाहेर काढली. फाटकाचा खांब लागला कडेला. ह्यांना तो दिसलाच नाही. मला म्हणतात, खांब पुढं सरकला." त्या हसल्या, पण हसणं ओठांवरच राहिलं. "उद्या खांबाऐवजी कोणाचं लेकरू असलं म्हणजे? मी किल्ली लपवली तर शोधून काढतात. सर, मला लायसन्स पाहिजे. माझं चुकत असेल तर रागवा, पण शिकवा."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "काकू, आधी गाडीत काही दोष आहे का बघतो. मग तुमचं बघू." म्हणजे दोन्हीकडे दोष असू शकतो, पण माझ्याकडे नाही.

गाडी शकूरभाईच्या गॅरेजात नेली. शकूर माझा वर्गमित्र. तो यंत्रावर विश्वास ठेवी, मी कानावर. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ मी कानाला लावली, डोळे मिटले आणि बराच वेळ मान डोलवली. आसपासची माणसं गप्प झाली. मला ते आवडलं.

"प्लग," मी जाहीर केलं.

प्लग बदलले. दुसऱ्या दिवशी काकूंच्या हातात गाडी विझली.

"पेट्रोलचा पंप," मी म्हणालो. पंप उतरवला, साफ केला, चढवला. गाडी विझली.

मग शकूरनं मला बाजूला केलं, आपलं स्कॅनर स्टिअरिंगखालच्या खाचेत लावलं आणि त्याच्या पडद्याकडे बघत म्हणाला, "बे नरहर, ठेव तुझे कान घरी. क्रँक सेन्सरचा फॉल्ट दाखवून राहिलं हे. इंजिन फिरतं की नाही, हे गाडीच्या कॉम्प्युटरला तो सेन्सर सांगतो. त्यानं तोंड बंद केलं की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलं, मग तो पेट्रोल तोडतो. संपलं."

सेन्सर बदलला. पिवळा दिवा गेला. पुढे काही दिवस गाडी अशी पळाली की मी शकूरला चहा पाजला. त्या दिवसांत काकू बहिणीकडे अमरावतीला गेल्या होत्या, हे मात्र आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्या परत आल्या आणि पहिल्याच वळणावर गाडी विझली. तोच दिवा, तोच फॉल्ट. शकूरनं दुसऱ्या कंपनीचा सेन्सर लावला. मग स्कॅनरनं क्रँकच्या जोडीला कॅमच्या सेन्सरचंही नाव घेतलं, तोही बदलला. बॅटरीच्या तारा घासल्या. गॅरेजात गाडी तासन् तास चालू ठेवली, शकूरनं स्वतः घाटापर्यंत फिरवून आणली, पण ती विझायचं नाव घेईना. काकू बसल्या की मात्र दिवा लागायचा.

शेवटी शकूर हात पुसत म्हणाला, "गाडीत काही नाही बे. बाई बदल."

खरं सांगतो, मलाही तेच वाटायला लागलं होतं. काही माणसांचा हात गाडीला मानवत नाही, असं मी घरी बायकोला सांगितलंही. ती भाजी निवडत होती. "तू त्यांच्याजवळ बसतो ना? मग तुला कसं दिसत नाही काय होते ते?" एवढंच म्हणाली. तिला गाडीतलं काही कळत नाही, असं माझं मत होतं.

तिसऱ्या परीक्षेच्या आधी शकूरनंच सुचवलं, की स्कॅनर लावून गाडी चालवू, आणि विझते तेव्हा नेमकं काय होतं ते पकडू. पण सगळं रोजच्यासारखं पाहिजे. तोच रस्ता, त्याच काकू, मागे तेच काका.

"पण यंत्राची वायर छोटी आहे," तो म्हणाला. "मला पुढं बसावं लागेल. तू मागं बस."

अशा रीतीनं आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच शाळेच्या गाडीत मागे बसलो, काकांच्या शेजारी. शकूर माझ्या जागेवर मांडी घालून बसला, मांडीवर स्कॅनर. काकूंनी गाडी सुरू केली.

आर्णी रस्त्याला लागलो. गाडी चालली. बाजारातून नेली, गायी चुकवल्या, चढावर थांबवून परत उचलली. चालली. शकूर दर दोन मिनिटांनी म्हणे, "सगळं ठीक आहे." मी मागून उठून उठून डॅशबोर्डवर बघत होतो, की आता तरी दिवा लागेल. गाडी चांगली चालल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. एका वळणावर काकूंनी ट्रकला वाट देऊन तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गिअर इतका मऊ टाकला, की शकूरनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

काका मात्र गप्प होते. सुरुवातीला "मंदा, डावीकडे" झालं, मग तेही थांबलं. सीटला टेकून, डोळे मिटून ते नुसते बसले होते.

"झोपले का, काका?"

"नाही. ऐकून राहिलो," ते म्हणाले. "चांगली चालवते."

हे काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते बोलले नाहीत.

परत फिरताना शकूर कंटाळला. "नाही विझत. नरहर, ये तू पुढं, माझे पाय आखडले. यंत्र राहू दे चालू, मी मागून वाकून बघतो."

आम्ही जागा बदलल्या. काकूंनी गाडी काढली. एक फर्लांगही गेलो नसू, तेवढ्यात समोरून सायकलवाला आडवा आला. मी सावध होतोच, माझा पाय गेला, आणि गाडी विझली. पिवळा दिवा.

"क्लच!" मी आणि शकूर एका सुरात ओरडलो.

"थांबा," मागून काका म्हणाले. "सर, परत करा ते."

"काय परत करू?"

"आता जे केलं ते. पायानं. गाडी बंद पडायच्या आधी टक् असा आवाज येतो. मी रोज ऐकतो. मला वाटे, मंदाच्या पायाचा आहे. तो तिच्या पायाचा नाही. तो तुमच्या बाजूनं येतो."

आता सांगायला हवं. शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. माझ्याकडचा दाबला की आतल्या दांडीनं शिकणाऱ्याकडचा आपोआप दबतो, त्यांनी दाबला तर माझा हलत नाही. ही जोडणी शकूर वाकडी करील म्हणून माझ्या गाडीत ती मी स्वतः, माझ्या हातांनी बसवली होती. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं दाखवतही असे.

काकूंनी गाडी चालू केली. जागेवरच. मी माझा क्लच हळूच दाबला. टक्. गाडी विझली.

परत चालू केली. परत दाबला. टक्.

शकूर उतरला, माझं दार उघडलं, मला बाहेर काढलं आणि टॉर्च घेऊन माझ्या पेडलांपाशी डोकं घातलं. त्याचं फक्त ढुंगण बाहेर दिसत होतं आणि ते हलायला लागलं. मला वाटलं, काही अडकलं. तो हसत होता.

गाडीचा कॉम्प्युटर त्याच डाव्या बाजूला, सामान ठेवायच्या कप्प्यामागे असतो. इंजिनाकडून सगळ्या सेन्सरांच्या तारांची जुडी तिथंच येते. माझ्या दांडीची पट्टी त्या जुडीवर टेकली होती. रोज दाबून दाबून तिनं तारांवरचं वेष्टन कातरलं होतं. मी पाय दाबला की पट्टी तारांना चावायची, सेन्सरची वाचा जायची, कॉम्प्युटर पेट्रोल तोडायचा. पाय काढला की सगळं जागेवर. म्हणून ती गॅरेजात बंद पडत नव्हती. तिथं डावीकडे बसून पाय आपटणारं कोणी नव्हतं.

आणि पाय मी कोणाच्या तासाला आपटायचो? कॉलेजच्या मुलींच्या वेळी मी निवांत बसायचो, फोन बघायचो. काकूंच्या वेळी मानेशी काका असत. सर किती दक्ष आहेत, हे त्यांना दिसावं म्हणून मी काकूंच्या आधी क्लच दाबी. काकूंना गरज असो नसो. परीक्षेत तर मदत म्हणून दाबी. दोन्ही वेळा आठाच्या कमरेत, जिथं गाडी सगळ्यात हळू असते, तिथं मी अगदी मनापासून मदत केली होती.

शकूर बाहेर आला आणि डोळे पुसत म्हणाला, "प्लग म्हणे!"

काकू स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसल्या होत्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण काकाच आधी बोलले.

"मंदा."

"अं."

"तू म्हटलं होतं, दाबलेलाच होता म्हणून."

"म्हटलं होतं."

"मी ऐकलं नाही."

काकूंनी आरशात त्यांच्याकडे बघितलं. काकांना तो आरसा दिसत होता की नाही, देव जाणे. "चला, ऊन झालं," त्या म्हणाल्या. "सर, तुम्ही मागंच बसा."

शकूरनं तारा दुरुस्त केल्या होत्या, तरी तिसऱ्या परीक्षेला मी गाडीत नव्हतो. काकूंनी इन्स्पेक्टर साहेबांना सांगितलं, माझ्या शेजारी तुम्ही बसा, सर बाहेर थांबतील. साहेब बसले. मी दोरीपाशी काकांजवळ उभा राहिलो. आठ झाला, गाडी मागे घेणं झालं, मग काकू साहेबांना घेऊन मैदानाबाहेर रस्त्यावर गेल्या आणि बराच वेळ दिसल्या नाहीत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. काका मात्र शांतपणे शेंगदाणे खात होते. गाडी परत आली तेव्हा साहेब उतरून म्हणाले, "काळमेघ, यांना शिकवलं कोणी?" मी खरोखरच उत्तर शोधत राहिलो.

नागपूरच्या तारखेला काका म्हणाले, पहिलीच वेळ आहे, सरांना बरोबर घेऊ. निळी गाडी, पुढे काकू आणि काका, मागे मी. त्या गाडीत माझ्यासाठी पेडल नव्हतं. काकांनी किल्ली स्वतः काकूंच्या हातात दिली आणि पट्टा लावून घेतला.

कळंब गेलं तरी काका भांडले नाहीत. मी वाट बघत होतो. पुढे मोकळा रस्ता लागला तेव्हा ते म्हणाले, "मंदा, काय आहे समोर?"

"ट्रक आहे. कापसाचा. ताडपत्री नीट बांधली नाही, कापूस उडून राहिला मागं."

"आणि डाव्या अंगाला?"

"तूर. फुलावर आली. बांधावर एक बाई पोराला डबा भरवून राहिली."

"बरं," काका म्हणाले. थोड्या वेळानं परत, "आता?"

आणि काकू सांगत राहिल्या. ट्रक मागे पडला, पूल आला, पुलाखाली पाणी आहे, म्हशी आहेत, एक पोरगा म्हशीवर आडवा पडला आहे. मधेच त्या गिअर बदलत, आरशात बघत आणि पुन्हा सांगायला लागत. मी सुरुवातीला रस्त्याकडे बघत होतो, मग त्यांच्या आवाजाकडे. देवळीपर्यंतचं मला आठवतं. त्यानंतर मी झोपलो. शिकाऊ माणूस चाकावर असताना मी जन्मात कधी डोळा मिटला नव्हता.

जाग आली ती काचेवरच्या टकटकीनं. गाडी एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या आवारात, दोन गाड्यांच्या मधे, अगदी सरळ रेषेत उभी होती. माझ्या बाजूची काच बोटभर खाली होती, वारा लागावा म्हणून. पुढे कोणीच नव्हतं. बाहेर शिट्टी गळ्यात अडकवलेला वॉचमन उभा होता.

"भाऊ, गाडी जरा मागं घ्या. अँब्युलन्स लावायची आहे."

"किल्ली नाही माझ्याकडे."

"ड्रायव्हर कुठं आहे?"

"आत गेल्या. येतील."

"म्हणजे बाई चालवते? इतक्या लांबून?" त्यानं वाकून मला नीट बघितलं. "अन् तुम्हाला नाही येत का?"

माझ्या अंगात ड्रायव्हिंग स्कूलचा शर्ट होता. खिशावर लाल दोऱ्यानं नाव भरलेलं. मी सहज केल्यासारखा हात उचलला आणि खिशावर ठेवला.

"नाही," मी म्हणालो.